म्हाताऱ्या नेलचं अंथरूण

हॅगथॉर्प,
बुधवार, १२ नोव्हेंबर २००८

प्रिय बेरिल,

पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखलं असशील आणि पहिला विचार मनात आला असेल, की कोण गेलं. कोणी गेलेलं नाही. विल्फ आहे, मी आहे, तेव्हा हातातला चहा खाली ठेवू नकोस, पीत पीत वाच. चोवीस वर्षांत सख्ख्या बहिणीला एक ओळ लिहिली नाही. आता लिहायला बसले तर सुरुवात कुठून करावी तेच सुचेना. टेबलावर बसून तीन कागद फुकट घालवले आणि मग ठरवलं, की जे रोज करते तेच आधी सांगावं.

रोज मी फेरेटांची अंथरुणं धुते. हस हवं तर. त्या मुंगसासारख्या लांबुडक्या, उग्र वासाच्या जनावरांचा मला किती तिटकारा होता ते तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विल्फनं सदऱ्याच्या आतून एक बाहेर काढून माझ्या मांडीवर ठेवलं होतं आणि मी तडक आईकडे निघून आले होते. तू तेव्हा शाळकरी होतीस, दारात उभी राहून खिदळत होतीस. आता सदुसष्टाव्या वर्षी सकाळी उठायचं, विल्फला ऑक्सिजनच्या नळीसकट खुर्चीत बसवायचं, ओटची खीर त्याच्या पोटात जाईपर्यंत समोर उभं राहायचं, आणि मग परसातल्या शेडमध्ये जाऊन पिंजऱ्यातलं कालचं अंथरूण काढायचं, आजचं घालायचं. वाकताना गुडघे बोलतात, उठताना कंबर. धुतलेलं नोव्हेंबरात बाहेर वाळत नाही, म्हणून सगळं शेगडीपुढे खुर्च्यांवर टाकते. घराला जो वास येतो तो आता मला येईनासा झालाय, यावरूनच काय ते समज.

तीनच उरलीत. सार्जंट हा धिप्पाड नर, फ्लॉस ही पांढरी मादी, ठार बहिरी, आणि नेल. नेल सात वर्षांची आहे, म्हणजे त्यांच्या हिशेबानं माझ्याहून म्हातारी. एके काळी विल्फ बिळाच्या तोंडाशी तिला सोडायचा आणि ती दुसऱ्या तोंडातून ससा बाहेर हुसकायची. आता तिला पिंजऱ्याच्या वरच्या मजल्यावर चढवत नाही. विल्फलाही आपल्या घराचा जिना चढवत नाही, तो दिवाणखान्यात झोपतो. डॉक्टर म्हणाले, याला पुढचा उन्हाळा दिसणं कठीण आहे. विल्फ म्हणाला, डॉक्टर फार आशावादी माणूस आहे. छातीत कोळशाच्या खाणीची धूळ बसलीय, ती काही निघत नाही, आणि ते तो कधीचाच गिळून बसलाय. त्याला एकच घोर लागलाय, की आपल्यामागं या तिघांना कोण सांभाळणार. मी सांभाळीन म्हटलं, तर माझ्या गुडघ्यांकडे बघून म्हणाला, "तुलाच कोणीतरी सांभाळायला हवंय, नोरीन."

या वर्षाच्या सुरुवातीला नेल शिंकायला लागली. आधी एखाददुसरी शिंक, मग उठलं की सटासट दहा-दहा, नाकाला पाणी, आणि झोपेत श्वास घरघरायचा. विल्फ तेव्हा काठी टेकत शेडपर्यंत जायचा. तिला कानाशी धरून ऐकायचा. शेवटी मी दोघांना घेऊन जनावरांच्या डॉक्टरणीकडे गेले. चांगली बाई आहे, वय चाळिशीचं, बोलायला सडेतोड. तिनं नेलच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "ही झोपते कशावर?" विल्फ म्हणाला, "भुशावर. सुताराकडचा ताजा भुसा, आठवड्याला एक पोतं. माझा बाप तेच घालायचा आणि त्याचा बापही." बाई म्हणाली, "मग आजपासून बंद करा. चोवीस तासांतले अठरा तास ही नाक खुपसून त्यात झोपते. ती धूळ तिच्या छातीत जाते. हे औषध देते, पण धूळ थांबली नाही तर औषधाचा काही उपयोग नाही."

बेरिल, मी विल्फकडे बघितलं नाही. माझी छातीच झाली नाही. एकतीस वर्षं खाणीत काढलेला माणूस, नाकाला नळी, खोकल्याची ढास लागली की ओठ निळे पडतात, आणि त्याला हे एक बाई समजावून सांगतेय. घरी येईपर्यंत बसमध्ये तो नेलची पेटी मांडीवर घट्ट धरून बसला होता. त्या दिवशी जेवला नाही, दुसऱ्या दिवशीही नुसता चहा घेतला. तिसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते, माझ्या पाठीमागून म्हणाला, "मला खाली खाणीत ज्यांनी धूळ चारली त्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या. आणि वर येऊन मी यांना तेच चारलं, तेही स्वतःच्या हातानं, प्रेमानं." मी पाठमोरीच भांडी घासत राहिले.

मग सुरू झालं अंथरुणांचं प्रकरण. आधी वर्तमानपत्रं फाडून घातली. तास-दोन तासांत भिजून लगदा, आणि फ्लॉस पांढरीची करडी झाली. मग शेतावरून गव्हाचं काड आणलं. त्यात भुशाहून जास्त धूळ निघाली, शिवाय किडे, आणि एक काडी सार्जंटच्या डोळ्याला लागता लागता राहिली. मग मला वाटलं, आपण उगाच डोकं शिणवतोय, घरात जुने टॉवेल पडलेत की. पहिल्याच सकाळी फ्लॉसचं नख टॉवेलाच्या धाग्याच्या फाशात अडकलं. बहिरी ती, मी मागून आले ते तिला कळलं नाही, दचकून तिनं पाय ओढला आणि नख मुळापासून उखडलं. ते रक्त धुताना मी रडले, खोटं कशाला सांगू. फेरेटासाठी नव्हे. दमले होते म्हणून. मग विल्फचा लोकरीचा स्वेटर दिला तर सार्जंटनं कुरतडून त्याचे तुकडे गिळले, आणि दोन दिवस आम्ही त्याची विष्ठा तपासत बसलो. विल्फ खुर्चीतून विचारायचा, "आलं का बाहेर?" आणि मी शेडमधून ओरडायची, "अजून नाही." शेजारच्या घरी काय वाटत असेल देव जाणे.

एप्रिलमध्ये फेरेट पाळणाऱ्यांचं प्रदर्शन भरलं, दरवर्षी भरतं तसंच, शेजारच्या गावच्या सभागृहात. विल्फनं मला एकटीला पाठवलं. म्हणाला, लोक कशावर निजवतात ते बघून ये. तिथं डॉट पिकर्सगिलचं टेबल होतं. आपल्या शिवणाच्या कारखान्यात बटणांची काजं करायची ती डॉट. टेबलावर मऊ फ्लीसच्या कापडाच्या झोळ्या आणि पिशव्या मांडलेल्या, निळ्या, तांबड्या, ठिपक्यांच्या. त्या कापडात धाग्याचे फासे नाहीत, धूळ नाही, धुतलं की तासाभरात सुकतं. मी एक लांब, दोन तोंडांची पिशवी उचलली, सवयीनं आतली बाजू बाहेर काढली आणि शिवणीचा शेवट बघितला. उलटे तीन टाके, आणि धागा कापायच्या आधी आत ओवून घेतलेला. अकरा वर्षं तुझ्या शेजारच्या मशीनवर बसले मी. त्या तीन टाक्यांपायी मुकादमीण रोज तुला झापायची, की कंपनीचा धागा तुझ्या बापाचा आहे का, आणि तू मान खाली घालून पुढच्या झग्यालाही तेच तीन टाके घालायचीस. मी ती पिशवी हातात धरून उभी राहिले. डॉट खाली बघून सुटे पैसे मोजायला लागली, इतक्यांदा मोजले की मला तिची कीव आली. मी दोन पिशव्या आणि एक झोळी घेतली आणि घरी आले. तिला काही विचारलं नाही.

तीन आठवड्यांत नेलची घरघर थांबली. शिंका थांबल्या, नाक कोरडं झालं. डॉक्टरीण म्हणाली, हेच तर मी सांगत होते. विल्फनं पिशवी मांडीवर घेऊन चाचपली, काठावरून बोट फिरवलं, आणि विचारलं, "कोणी शिवली?" मी म्हटलं, "डॉटनं." म्हणाला, "डॉटला बरं येतं की." बस, तेवढंच.

मग दर महिन्याला मी डॉटकडे जायला लागले. तुला ठाऊकच आहे, माप माझ्याकडून जायचं आणि पिशवी तुझ्याकडून यायची. एकदा मी तिला सहज बोलले, नेलला आता उडी मारवत नाही गं. पुढच्या वेळी जी झोळी आली तिचा एक काठ दोन बोटं खाली होता, नेल नुसती चालत आत जाईल असा. मी घरी येताना बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसले. चोवीस वर्षांत आपण एवढंच बोललो, बेरिल, फेरेटांच्या मापात. जूनमध्ये डॉट म्हणाली, "ज्या बाई शिवतात त्या विचारत होत्या, की सगळं अंथरूण एकदम धुता का?" मी म्हटलं, हो. तर ती म्हणाली, "त्या म्हणतात, एक तुकडा तसाच ठेवा. सगळ्याचा वास गेला की जनावर बावचळतं, परक्या घरात आल्यासारखं करतं." तेव्हापासून मी एक तुकडा ठेवते. आणि मला कळत होतं, की हे ज्ञान तुझं नाही, तुझ्या नवऱ्याचं, रेगचं आहे.

रेगला आम्ही काय हसायचो, आठवतं? सगळं गाव भुसा घालायचं आणि हा एकटा जुन्या सदऱ्यांच्या बाह्या कापून त्यात फेरेटं निजवायचा. म्हणायचा, बिळाला दोन दारं असतात, अंथरुणालाही हवीत, आणि बाहीला ती आयतीच आहेत. क्लबात विल्फ त्याची चेष्टा करायचा, की कोट काढ रे रेग, आत बाह्या आहेत का दाखव. रेग खरंच कोट काढायचा आणि खरंच आत बाह्या नसायच्या. ते दोघे तेव्हा एकमेकांवाचून रविवार काढत नव्हते. खाणकामगारांच्या संपाच्या वर्षात, युनियनचा सार्वजनिक स्वयंपाक आठवड्याच्या मधेच आटायचा तेव्हा, या दोघांच्या फेरेटांनी आपली गल्ली जगवली. तो सशाचा रस्सा मला अजून नको वाटतो, इतका खाल्ला.

आणि मग तो जानेवारी. रेग संप मोडून, दगडांपासून बचावाला जाळ्या लावलेल्या बसमध्ये बसून खाणीत गेला. त्यानंतर सहा आठवड्यांनी संप मिटला आणि सगळेच गेले, हात हलवत. पण ते सहा आठवडे हे गाव विसरलं नाही. तुमच्या दारावर रंगानं 'फितूर' लिहिलं, ते विल्फनं लिहिलं नव्हतं, पण पुसलंही नाही. तो खाणीच्या फाटकाशी उभा राहून रेगला काय काय बोलला ते मी ऐकलंय. तुम्ही आठ मैलांवर राहायला गेलात. दोन बस बदलल्या की येतं तुमचं गाव, आणि मी एकदाही आले नाही. आई गेली तेव्हा तू खड्ड्याच्या त्या बाजूला उभी होतीस, मी या बाजूला. चर्चमधून बाहेर पडताना तुझी बाही माझ्या बाहीला लागली आणि मी हात मागे घेतला. लोक बघत होते म्हणून घेतला. तो हात मला आठवतो.

ऑगस्टपासून विल्फला शेडपर्यंत जाणं बंद झालं, तेव्हा त्यानं फेरेटांसाठी माणूस शोधायला घेतला. गावात अजून आठ-दहा जण पाळतात. एकेकाला घरी बोलवायचं, चहा-बिस्किट द्यायचं, आणि विल्फ एकच प्रश्न विचारायचा, "तुझी कशावर झोपतात?" पहिला म्हणाला, "भुशावर, आणखी कशावर?" विल्फ म्हणाला, "चहा संपव आणि जा." दुसऱ्यानं छाती फुगवून सांगितलं, की आमची चांगल्या जाड टॉवेलांवर झोपतात, तर विल्फनं मला फ्लॉसला आणायला लावलं आणि तिचा नख नसलेला पाय त्याच्या नाकासमोर धरला. तिसरा हसला. म्हणाला, "विल्फ, जनावरं आहेत ती, पाहुणे नव्हेत. टाकायचं काहीतरी. आणि म्हातारी मला नको हं, नर आणि पांढरी नेतो." त्याला चहाही पुरा पिऊ दिला नाही. मी चिडले. म्हटलं, तुला माणूस हवाय की गादीवाला? इथं माझा जीव मेटाकुटीला आलाय आणि तू मुलीला स्थळं बघितल्यासारखी बघतोयस. त्याचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली.

गेल्या गुरुवारी नेल त्याच्या मांडीवर झोपली होती, त्या दोन तोंडांच्या लांब पिशवीत. तो म्हणाला, "नोरीन, ही पिशवी म्हणजे रेगची बाही आहे." मग त्यानं काठावर बोट ठेवलं. "आणि शिवण बेरिलची आहे. बेचाळीस वर्षं शिवणकाम करणाऱ्या बाईबरोबर राहतोय मी, मला कळत नाही असं वाटतं तुला?" मी विचारलं, कधीपासून माहीत आहे. म्हणाला, पहिल्या दिवसापासून. सात महिने, बेरिल. सात महिने मी चोरासारखी पिशव्या आणतेय, बसमध्ये थापा जुळवतेय, आणि हा माणूस सगळं जाणून बसलाय. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणाला, "बोललो असतो तर पिशवी परत पाठवावी लागली असती. नेलला श्वास येत होता." आणि डोळे मिटून घेतले.

त्या क्षणी माझ्या आतलं काहीतरी थकलं आणि खाली बसलं. जे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. तुलाही माहीत नाही ते. म्हणून आता तुलाही सांगते. त्या जानेवारीत, रेग बसमध्ये चढला त्याच्या दोन दिवस आधी, तू माझ्याकडे आली होतीस. मार्टिन आठ महिन्यांचा, शालीत गुंडाळलेला, त्याची छाती भरलेली. तू म्हणालीस, "घरात आठवडाभर विस्तव नाही गं, बादलीभर कोळसा असला तर दे." खाणीच्या गावात, खाणकामगारांच्या घरात कोळसा नव्हता, अशी ती वेळ होती. मी म्हटलं, आमच्याकडेही संपला. तू म्हणालीस, बरं, आणि गेलीस. बेरिल, संपला नव्हता. विल्फनं खाणीबाहेरच्या मातीच्या ढिगावरून वेचून आणलेलं अर्धं पोतं जिन्याखाली होतं. मला भीती वाटली, की दिला तर आपला पुरायचा नाही. एवढंच कारण. दुसरं काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी रेग कामावर गेला आणि सगळ्या गावानं त्याला फितूर म्हटलं, आणि त्यात मी होते. चोवीस वर्षं मी विल्फच्या रागाआड लपले. लोकांना वाटलं, हिचा नवरा कडक आहे, बिचारी काय करणार. मला तेच सोयीचं होतं. माफी मागायची तर आहेच, पण ती मागून तुला काय मिळणार आहे ते मला कळत नाही. हे वाचून तू पत्र शेगडीत टाकलंस तरी मी तुला नाव ठेवणार नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. गुरुवारी, मी हे सांगायच्या आधी, विल्फ डोळे मिटल्या मिटल्याच मला म्हणाला होता, "फेरेटं रेगला दे. दुसऱ्या कोणाच्या हातात ती श्वास घेणार नाहीत. त्याला म्हणावं, दिवस कलल्यावर मागच्या गल्लीनं ये, शेडमधूनच पेटी उचल, मला तोंड दाखवायची गरज नाही." मग मी कोळशाचं सांगितलं. तो माझ्यावर ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो गप्प झाला, गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी. रविवारी सकाळी खीर समोर ठेवली तेव्हा म्हणाला, मागच्या गल्लीचं रद्द कर. येत्या शनिवारी दुपारी बारा वाजता रेगनं यायचं, क्लबसमोर बसमधून उतरायचं, त्या वेळी क्लबाबाहेर सगळे जुने खाणवाले उभे असतात ते त्याला माहीत आहे, आणि त्यांच्या देखत रस्त्याच्या मधून चालत आमच्या पुढच्या फाटकाशी यायचं. विल्फ फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसणार आहे, ऑक्सिजनच्या टाकीसकट, थंडी असो की पाऊस. डॉक्टर नको म्हणतील, म्हणून डॉक्टरला सांगायचं नाही असं ठरलंय. तिन्ही फेरेटं तो स्वतःच्या हातानं रेगच्या हातात देणार आणि मग रेगचा हात धरून उठणार, कारण त्याला आता एकट्याला उठता येत नाही, आणि गल्लीनं ते बघावं असं त्याला वाटतं. तो क्षमा वगैरे शब्द काढणार नाही, त्याची वाट बघू नका. तू आलीस तर मी फाटकाशी त्याच्या शेजारी उभी असेन. रेग एकटा आला तरी मी तिथंच उभी असेन.

तुझीच,
नोरीन